सहा-सात वर्षांपूर्वी थकलेलं क्रेडिट कार्ड आणि आत्ता सुरू झालेले वसुलीचे फोन

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे मला नीट कळलाय का ते बघा. २०१८ ला नोकरी गेली, तेव्हा कार्डावर ६२ हजार होते, काही महिने मिनिमम ड्यू भरत राहिलात, शेवटचे पैसे जून २०१९ ला भरले आणि मग तेही जमलं नाही. मधली काही वर्षं शांतता. आता एका एजन्सीचा फोन येतोय की २ लाख १४ हजार बाकी आहेत, पण आज संध्याकाळपर्यंत ४५ हजार टाकले तर केस क्लोज. पुढच्या वर्षी बायकोबरोबर मिळून होम लोन घ्यायचंय, आणि तुम्ही विचारताय की हे ४५ हजार भरून टाकू का, भरले तर सिबिल सुधारेल का, की मित्र म्हणतो तसं तीन वर्षं झाली म्हणजे विषय संपला.

मी १९ वर्षं बँकेच्या वसुली खात्यात काढली आणि गेली काही वर्षं थकलेल्या लोकांना त्यांची पत्रं लिहून द्यायचं, बँकेशी बोलणी करून द्यायचं काम करतो, त्यामुळे दोन्हीकडचं बघितलंय. पहिलं उत्तर लगेच देतो: आज संध्याकाळपर्यंत काहीही भरू नका. 'आजच शेवटचा दिवस' हे वाक्य मी स्वतः टीमला बोलायला लावलेलं आहे, महिनाअखेरीचं टार्गेट असतं म्हणून. हीच ऑफर पुढच्या महिन्यात परत येते, बहुतेक वेळा त्याच आकड्याला, कधी त्याहून कमीला.

आता खरा गुंता. तुम्ही एक प्रश्न विचारलाय पण त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात. एक, हे पैसे कोर्टातून वसूल करता येतात का. दोन, तुमच्या क्रेडिट रिपोर्टवर काय दिसतंय आणि किती दिवस दिसणार. तीन, फोन करणारा माणूस कोण आहे आणि त्याला पैसे घ्यायचा अधिकार आहे का. या तिन्हींचं घड्याळ वेगळं चालतं. लोक एकाचं उत्तर दुसऱ्याला लावतात आणि तिथेच फसतात, तुमच्या मित्राचं 'तीन वर्षं झाली' हे पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे, होम लोनचा प्रश्न दुसऱ्यात येतो.

सुरुवात रिपोर्टपासून करा. आपल्याकडे चार क्रेडिट माहिती कंपन्या आहेत, ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, त्यांच्या स्वतःच्या वेबसाइटवरून घ्यायचा, कुठल्या ॲपवर नुसता आकडा दिसतो तो पुरत नाही. चारही घ्या. सगळीकडे एकच माहिती असायला हवी पण असतेच असं नाही, एकीकडे खातं बंद आणि दुसरीकडे थकलेलं असं मी कितीतरी वेळा बघितलंय, आणि होम लोनवाली बँक नेमकी कुठली कंपनी बघणार हे तुमच्या हातात नसतं.

रिपोर्टमध्ये स्कोअर शेवटी बघा, आधी त्या खात्याची चौकट बघा. संस्थेचं नाव कोणाचं आहे, तुमच्या बँकेचं की एखाद्या ॲसेट रिकन्स्ट्रक्शन कंपनीचं, म्हणजे बँकांची थकलेली कर्जं विकत घेणाऱ्या कंपनीचं. स्टेटस काय लिहिलंय, 'रिटन ऑफ', 'सेटल्ड' (म्हणजे कमी पैशात तडजोड करून मिटवलेलं), की नुसतंच थकीत. शेवटचं पेमेंट कुठल्या तारखेचं दाखवतायत. माहिती शेवटची कधी कळवली. सध्याची बाकी किती आणि राइट ऑफ केलेली रक्कम किती. कोर्टात दावा लावलाय अशी नोंद आहे का. या एवढ्या गोष्टी कळल्या की निम्मं चित्र स्पष्ट होतं, आणि त्या कळायच्या आधी आकड्यावर बोलण्यात काही अर्थ नाही.

'रिटन ऑफ' शब्दाबद्दल जरा थांबून सांगतो कारण मराठीत आपण त्याला निर्लेखित म्हणतो आणि लोकांना वाटतं माफ झालं. माफ झालेलं नसतं. हप्ता ९० दिवसांपेक्षा जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत-अनुत्पादक धरलं जातं, मग काही काळाने बँक ते आपल्या हिशेबातून काढून टाकते, तो बँकेचा स्वतःच्या वह्यांपुरता मामला आहे. तुमचं देणं तसंच उभं असतं आणि वसुली चालूच राहते, म्हणून तर इतक्या वर्षांनी फोन येतोय.

आता फोन करणारा. दोन शक्यता असतात. एक म्हणजे खातं अजून बँकेकडेच आहे आणि एजन्सी फक्त कमिशनवर वसुली करतेय. दुसरी म्हणजे बँकेने थकलेल्या कार्डांचा गठ्ठा रिकन्स्ट्रक्शन कंपनीला विकलाय आणि आता तुमचे सावकार तेच आहेत. दुसऱ्या केसमध्ये बँकेत जाऊन भांडून उपयोग नाही, बँक म्हणेल आमच्याकडे खातंच नाही, पत्र आणि नो ड्यूज, म्हणजे काही बाकी नाही असा दाखला, त्या कंपनीकडूनच घ्यावं लागतं आणि रिपोर्टला नोंदही तेच दुरुस्त करून पाठवणार. म्हणून फोनवर एकच वाक्य, शांतपणे: माझ्याबद्दल बँकेने तुम्हाला दिलेलं अधिकारपत्र आणि खात्याचं स्टेटमेंट मला ईमेलवर पाठवा, त्याशिवाय मी बोलणार नाही. खरा माणूस पाठवतो, कुरकुरत का होईना. जो पाठवत नाही आणि एखाद्या मोबाईल नंबरवर यूपीआय करायला सांगतो त्याला एक रुपयाही देऊ नका. माझ्याकडे एक गृहस्थ आले होते, त्यांनी एजंटच्या खात्यावर ३० हजार टाकले, एजंट नोकरी सोडून गेला, बँकेच्या रेकॉर्डला शून्य जमा. त्यांना परत बोलणी करावी लागली आणि परत पैसे भरावे लागले, आणि ते काही बेफिकीर माणूस नव्हते हो, फक्त घाबरले होते.

घाबरवण्याबद्दल नियम स्पष्ट आहेत. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर थकबाकीसाठी फोन करायचा नाही, धमकी नाही, चारचौघांत अपमान नाही, नातेवाईक, मित्र, रेफरन्सला दिलेली माणसं यांना त्रास द्यायचा नाही, हे रिझर्व्ह बँकेने १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात सांगितलंय आणि एजंटने काय केलं याला बँकच जबाबदार असते. तुमच्या ऑफिसात फोन गेला म्हणताय तर तारीख, वेळ, नंबर लिहून ठेवा आणि बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही.

आणि 'पोलीस घेऊन येतो' हे ऐकलं असेल तर, कार्डाचे पैसे थकणं हा दिवाणी मामला आहे, त्यासाठी अटक होत नाही. फक्त एक अपवाद नीट आठवून बघा: कधी चेक दिला होता आणि तो बाउन्स झाला, किंवा ऑटो डेबिट परत गेलं, तर त्याची फौजदारी केस होऊ शकते. पण त्यालाही नोटीस, मुदत अशा ठरलेल्या पायऱ्या आहेत आणि २०१९ च्या चेकवर आता कोणी नव्याने उठून केस टाकेल हे अवघड आहे.

आता तुमच्या मित्राची तीन वर्षं. मुदतीचा कायदा १९६३ चा, त्यात अशा पैशाच्या दाव्याला साधारण ३ वर्षांची मुदत आहे. तुमचं शेवटचं पेमेंट जून २०१९, म्हणजे सरळ मोजलं तर जून २०२२. पण कोविडमुळे सुप्रीम कोर्टाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतून वगळला होता. म्हणजे मार्च २०२० पर्यंत तुमचे नऊएक महिने गेले आणि उरलेले सव्वादोन वर्षं १ मार्च २०२२ पासून परत चालू, म्हणजे मुदत साधारण जून २०२४ ला संपते. हे बरेच जण विसरतात आणि दोन वर्षं आधीच निर्धास्त होतात. अर्थात हे तेव्हाच, जेव्हा मध्ये काही घडलेलं नाही. मुदत चालू असताना तुम्ही लेखी सही करून देणं कबूल केलं असेल, किंवा थोडे पैसे भरले असतील आणि त्याची लेखी नोंद तुमच्या सहीची असेल, तर तिथून परत ३ वर्षं मोजतात. आणि मुदत संपल्यावरही, कराराच्या कायद्याच्या कलम २५ प्रमाणे, जुनं देणं फेडायचं वचन तुम्ही सही करून लिहून दिलंत तर तो नवा करार धरला जातो. म्हणून एजन्सीने 'फक्त फॉर्मॅलिटी आहे' म्हणून पाठवलेल्या कागदावर सही करू नका, आणि 'हो भरतो, थोडा वेळ द्या' असले ईमेल, मेसेज पाठवू नका. तुमच्या खात्यात असं काही झालंय का हे मला इथून कळणार नाही, त्यासाठी एखाद्या वकिलाला एकदा कागद दाखवा.

मुदत संपली म्हणजे दावा चालणार नाही, एवढंच. देणं पुसलं जात नाही, फोन करायला मनाई होत नाही, त्याच बँकेत तुमचं सेव्हिंग्ज खातं असेल तर बँक त्यातून वळतं करायचा प्रयत्न करू शकते, आणि रिपोर्टवरची नोंद मुदतीच्या कायद्याला विचारून थांबलेली नाही. आणखी एक, कोर्टाचा समन्स आला, लोक अदालतीची नोटीस आली तर 'मुदत गेलीय' म्हणून घरी बसू नका. हजर राहून ते तिथे सांगायचं असतं. गैरहजेरीत एकतर्फी हुकूमनामा झाला की तो १२ वर्षं बजावता येतो, मग मुदतीची गोष्ट कोणाला सांगणार. लोक अदालतीत मात्र तुमची संमती असल्याशिवाय काही ठरत नाही, पण सही केली की तो निवाडा अंतिम, अपील नाही, तेव्हा जमेल तेवढ्यालाच हो म्हणा.

रिपोर्टचं घड्याळ याहून लांब. '७ वर्षांनी आपोआप निघून जातं' असं तुम्ही वाचलं असेल. नियम असा आहे की कंपन्यांनी माहिती किमान ७ वर्षं ठेवायची. किमान. सात वर्षांनी पुसायलाच पाहिजे असं नाही, आणि सावकार दर वेळी ते खातं थकीत म्हणून कळवत राहिला तर नोंद ताजीच राहते. म्हणून नुसतं थांबून होम लोनपर्यंत हे आपोआप मिटेल या भरवशावर तुम्ही राहू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मग ४५ हजारांत सेटलमेंट करायचं का? होम लोन मंजूर करणारा अधिकारी ३०० ते ९०० मधला आकडा बघतो हे खरं, पण आकडा जेमतेम बरा असला तरी तो खाली शेरे वाचतो. त्याच्या नजरेत सगळ्यात वाईट म्हणजे राइट ऑफ आणि बाकी अजून उभी. त्याहून बरं 'सेटल्ड', पण त्याचा अर्थ तो असा घेतो की या माणसाने आधीच्या सावकाराला पूर्ण पैसे दिले नाहीत. सगळ्यात चांगलं 'क्लोज्ड', बाकी शून्य. जुने थकलेले महिने तिथेही दिसतात, पण शेवट पूर्ण फेडीने झाला हे दिसतं, आणि माझ्या अनुभवात होम लोनला हा फरक ६२ आणि ४५ मधल्या १७ हजारांपेक्षा कितीतरी मोठा पडतो. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या जून २०२३ च्या नियमांप्रमाणे तडजोड केलेल्या कर्जदाराला नवं कर्ज देण्याआधी किमान १२ महिन्यांचा थांबा ठेवायचाय, शेतीकर्ज वगळून. तुम्ही म्हणताय पुढच्या वर्षी, तेव्हा हा हिशेब आत्ताच धरा.

म्हणून तुमच्या जागी मी ४५ आणि २ लाख १४ या दोन्ही आकड्यांना बाजूला ठेवून तिसऱ्या आकड्यावर बोलणी करीन. आधी तक्ता मागायचा: मुद्दल किती, व्याज किती, लेट फी किती, त्यावर जीएसटी किती. कार्डाचं व्याज महिन्याला ३ टक्क्यांच्या आसपास किंवा वरच असतं, त्यामुळे ६२ चे २ लाख होणं नवल नाही, पण वरचं सगळं बँकेने केव्हाच सोडून दिल्यात जमा धरलेलं असतं. मग म्हणायचं, मी मुद्दल पूर्ण भरतो, व्याज आणि दंड तुम्ही माफ करा, आणि खातं सेटल्ड नाही तर क्लोज्ड, बाकी शून्य म्हणून चारही कंपन्यांना कळवा. हे सगळ्याच संस्था मानत नाहीत, काही म्हणतात एक रुपया जरी माफ केला तरी ती तडजोडच. पण मुद्दल पूर्ण येतंय म्हटल्यावर ऐकणारे भेटतात, आणि एजंटला हा अधिकार नसतो, बँकेतल्या कलेक्शनच्या अधिकाऱ्यापर्यंत जावं लागतं. एकदोन महिने जातील. जाऊ द्या.

हे नाहीच जमलं तर ४५ ची तडजोडही चालेल, राइट ऑफ आणि बाकी उभी यापेक्षा ती बरीच, पण ती एकरकमी करा, हप्त्यांत नको, एक हप्ता चुकला की तडजोड मोडते आणि भरलेले पैसे व्याजात जातात. पुढे ऐपत झाली की सोडलेला फरक भरून 'सेटल्ड' चं 'क्लोज्ड' करून घेता येतं का हेही विचारून ठेवा, बऱ्याच ठिकाणी करून देतात.

आणि एक गोष्ट मनापासून सांगतो, घरखर्च आणि चालू असलेले हप्ते यातून मुश्किलीने महिना निघत असेल तर या जुन्या कार्डासाठी नवं पर्सनल लोन काढू नका, दागिने मोडू नका. आजचे हप्ते वेळेवर जाणं रिपोर्टसाठीही जास्त मोलाचं आहे. जुनं देणं सहा महिन्यांनी फेडलं तरी आकाश कोसळत नाही.

पैसे भरायच्या आधी पत्र हातात पाहिजे. बँकेच्या लेटरहेडवर किंवा बँकेच्या अधिकृत ईमेलवरून, त्यात तुमचं नाव, खातं नंबर, ठरलेली रक्कम, भरायची तारीख, 'पूर्ण आणि अंतिम' हे शब्द, आणि भरल्यावर क्रेडिट कंपन्यांना काय स्टेटस कळवणार हे स्पष्ट. शेवटचा मुद्दा लोक विसरतात आणि मग वर्षभर पळतात. पैसे थेट त्या कार्ड किंवा कर्ज खात्यात, पत्रात दिलेल्या मार्गानेच. मग पावती, मग नो ड्यूज सर्टिफिकेट. सगळं स्कॅन करून दोन ठिकाणी ठेवा, कारण हेच खातं दोन वर्षांनी दुसऱ्या एजन्सीच्या यादीत परत निघालेलं मी बघितलंय.

१ जानेवारी २०२५ पासून बँकांना निदान दर १५ दिवसांनी कंपन्यांना माहिती कळवावी लागते, त्यामुळे महिना-दीड महिन्याने रिपोर्ट परत काढा. बदल नसेल तर त्या क्रेडिट कंपनीच्या साइटवर डिस्प्यूट, म्हणजे नोंद चुकीची असल्याची हरकत, टाका आणि नो ड्यूज जोडा. कंपनी स्वतःहून नोंद बदलत नाही, बँकेला विचारते. दोघांना मिळून ३० दिवस आहेत, त्यात बँकेने २१ दिवसांत उत्तर द्यायचं, आणि ३० दिवसांपुढे रेंगाळलं तर तुम्हाला दिवसाला १०० रुपये भरपाई आहे, हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. पैसे घेऊन सिबिल साफ करून देतो म्हणणारे जे करतात ते हेच, फुकटचा डिस्प्यूट फॉर्म भरतात. खरी नोंद त्याने जात नाही, त्यांच्याकडे जाऊ नका.

होम लोनबद्दल दोन शब्द. बायकोचा रिपोर्ट वेगळा असतो, तुमच्या थकबाकीने तिचा स्कोअर पडत नाही. तिचं उत्पन्न पुरेसं असेल तर तिच्या एकटीच्या नावाने विचारून बघता येईल, पण घर दोघांच्या नावावर घेणार असाल तर बँका सहसा दोघांनाही अर्जदार करतात आणि मग तुमचा रिपोर्ट उघडतोच. तोपर्यंत चार बँकांत 'बघू तरी मिळतंय का' म्हणून अर्ज टाकू नका, प्रत्येक चौकशी रिपोर्टला दिसते. एफडीवर मिळणारं छोटं कार्ड घ्या, थोडंच वापरा, दर महिन्याला पूर्ण बिल भरा. किती महिन्यांत किती पॉइंट वाढतील हे मी सांगणार नाही, कोणालाच सांगता येत नाही, पण ताजा चांगला इतिहास नसेल तर जुनं खातं बंद करूनही अधिकाऱ्याला तुमच्या बाजूने दाखवायला काही सापडत नाही.

बँकेला पाठवायचा ईमेल असा लिहा, शब्द मुद्दाम जपून निवडलेत म्हणजे कबुली होणार नाही:

'अमुक क्रमांकाच्या कार्ड खात्याबाबत मला आपल्या वतीने फोन येत आहेत. या पत्राने मी कोणतंही देणं मान्य करत नाही. हे खातं सध्या कोणाकडे आहे, फोन करणाऱ्या एजन्सीला आपण दिलेलं अधिकारपत्र, खात्याचं सुरुवातीपासूनचं स्टेटमेंट, मुद्दल, व्याज व शुल्काचा वेगवेगळा तपशील, आणि शेवटच्या पेमेंटची तारीख मला लेखी कळवावी. तोपर्यंत या विषयावर फक्त ईमेलने संपर्क करावा.'

बँकेच्या तक्रार विभागाच्या ईमेलवर पाठवा, एजन्सीला कॉपी ठेवा. उत्तर आलं की मुद्दल, व्याज आणि चार्जेसचा तक्ता इथे टाका, नाव आणि खातं नंबर झाकून, मग बोलणी कुठल्या आकड्यापासून सुरू करायची ते मिळून ठरवू.